नंदुरबारची नगरपालिका : जकात नाक्यापासून जिल्ह्याच्या मुख्यालयापर्यंत

नळाला चार दिवस पाणी आले नाही, गटार तुंबली किंवा गल्लीतील दिवा बंद पडला की सामान्य माणूस पहिले नाव घेतो ते 'पालिके'चे. मात्र ही पालिका कधी आणि कोणत्या कायद्याने जन्माला आली, तिच्या तिजोरीत पैसा कोठून येतो आणि तिच्यावर अंतिम अधिकार कोणाचा, हे प्रश्न सहसा विचारले जात नाहीत. नंदुरबारची नगरपालिका १८६७ साली स्थापन झाली. म्हणजे नंदुरबार जिल्ह्यापेक्षा ती तब्बल १३१ वर्षांनी मोठी आहे. दीडशे वर्षांहून अधिक काळाची तिची वाटचाल समजून घेतल्यास आजच्या अनेक तक्रारींचे मूळ कोठे आहे, हे ध्यानात येते.

नंदुरबार जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार १६ लाख ४८ हजारांच्या घरात होती आणि त्यांपैकी जेमतेम १७ टक्के लोक शहरी भागात राहत होते. सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. सातपुड्याचे डोंगर, तापी आणि नर्मदेची खोरी व त्यांत विखुरलेली गावे-पाडे अशा या मुलखात नंदुरबार, शहादा, तळोदा आणि नवापूर ही चार शहरे एखाद्या बेटासारखी उभी आहेत. बाजार, न्यायालय, महाविद्यालय, दवाखाना या साऱ्यांसाठी भोवतालचा ग्रामीण भाग या शहरांकडे येतो. त्यामुळे येथील नगरपालिकेचा कारभार हा केवळ शहराच्या हद्दीत राहणाऱ्यांपुरता प्रश्न राहत नाही.

वैभव, पडझड आणि पुन्हा वस्ती

नंदुरबार हे खानदेशातील अतिशय जुन्या गावांपैकी एक. नंद नावाच्या गवळी राजाने ते वसविले, अशी परंपरागत समजूत आहे. चौदाव्या शतकात इब्न बतूता हा मोरोक्कोचा प्रवासी देवगिरीहून गुजरातकडे जाताना या गावावरून गेला. मराठ्यांची वस्ती असलेले छोटे शहर, असे त्याचे वर्णन त्याने केले असून येथील कारागीर, वैद्य व ज्योतिषी यांच्या कौशल्याची नोंद घेतली आहे. सुरत बंदराकडून बुऱ्हाणपूरकडे जाणाऱ्या व्यापारी मार्गाच्या टापूत असल्याने मोगल काळात गावाची भरभराट झाली. १६६६ साली इंग्रजांनी येथे आपली वखार घातली.

पेशवाईच्या अखेरच्या काळात मात्र खानदेशची वाताहत झाली. लुटालूट, दुष्काळ आणि मोडलेला बंदोबस्त यांमुळे गावेच्या गावे ओस पडली. १८१८ साली खानदेश इंग्रजांच्या ताब्यात गेला, तेव्हा नंदुरबारची निम्म्याहून अधिक वस्ती उठून गेलेली होती. पुढील पन्नास वर्षांत गाव हळूहळू सावरले. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि तेथील कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला. त्यामुळे हिंदुस्थानातील कापसाला सोन्याचा भाव आला. कापूस पिकविणाऱ्या खानदेशात या काळात पैसा खेळू लागला. नगरपालिकेची स्थापना या तेजीच्या पाठोपाठच झाली, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

सरकारी समिती ते निवडून आलेले सभासद

ब्रिटिश अमलात मुंबईबाहेरच्या गावांत नगरपालिका स्थापन करण्याचा मार्ग १८५० च्या सव्विसाव्या कायद्याने मोकळा केला. रस्ते, दिवे, स्वच्छता यांसाठी गावातच कर गोळा करून गावातच खर्च करावा, हे त्यामागचे सूत्र होते. खानदेशात धुळ्यास १८६२ मध्ये नगरपालिका आली आणि १८६७ मध्ये नंदुरबारला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच तळोदा व शहादा येथेही नगरपालिका अस्तित्वात आल्या.

या आरंभीच्या नगरपालिकांना आजच्या अर्थाने लोकप्रतिनिधींची संस्था म्हणता येणार नाही. सरकारी अधिकारी आणि त्यांनी नेमलेले गावातील प्रतिष्ठित यांची ती समिती असे. १८७३ च्या मुंबई कायद्याने नगरपालिकांची 'सिटी' आणि 'टाऊन' अशी विभागणी केली. १८८२ मध्ये गव्हर्नर जनरल लॉर्ड रिपन यांनी स्थानिक स्वराज्याचा ठराव प्रसृत केला आणि त्यास अनुसरून १८८४ च्या कायद्याने निवडून आलेल्या सभासदांना नगरपालिकेत स्थान मिळाले. मताचा अधिकार मात्र कर भरणाऱ्या मोजक्या मंडळींपुरताच होता. १९०१ साली 'मुंबई जिल्हा नगरपालिका कायदा' आला आणि पुढील सहा दशके लहान शहरांचा कारभार मुख्यतः त्याच चौकटीत चालला.

विसाव्या शतकाच्या प्रारंभी नंदुरबारची लोकसंख्या अवघी ११ हजारांच्या आसपास होती. याच सुमारास सुरतेहून खानदेशात येणारी तापी खोऱ्यातील रेल्वे सुरू झाली आणि गावाचे नशीब पालटले. सरकी काढण्याचे कारखाने उभे राहिले. रोशा गवतापासून काढलेले सुगंधी तेल ही तर नंदुरबारची खास ओळख होती. पुढे मिरचीची बाजारपेठ म्हणून गावाचे नाव दूरवर पोहोचले. हंगामात शहराभोवतीच्या पथाऱ्यांवर पसरलेली लाल मिरची हे दृश्य आजही येथील ओळख मानले जाते. रेल्वेमुळे जुन्या गावठाणाबाहेर, स्थानकाच्या दिशेने वस्ती सरकू लागली आणि नगरपालिकेपुढे नव्या रस्त्यांचा, दिव्यांचा व पाण्याचा प्रश्न उभा राहिला. तो प्रश्न आजतागायत रूप बदलून तिच्यापुढे उभाच आहे.

याच बाजारपेठेच्या गावाने ९ सप्टेंबर १९४२ रोजी स्वातंत्र्यलढ्यात आपले नाव कोरले. 'चले जाव' चळवळीतील विद्यार्थ्यांच्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात शिरीषकुमार मेहता व त्यांचे चार सोबती हुतात्मा झाले. शिरीषकुमार त्या वेळी सोळा वर्षांच्या आतले होते. मतदानाचा हक्क नसलेल्या वयातील ही मुले ज्या स्वराज्यासाठी रस्त्यावर उतरली, त्या स्वराज्याची सर्वांत खालची पायरी म्हणजे गावची नगरपालिका.

१९६५ चा कायदा : अधिकार कोणाचे?

स्वातंत्र्यानंतर प्रौढ मताधिकार आला आणि नगरपालिका प्रथमच साऱ्या गावाची झाली. महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर मुंबई इलाखा, विदर्भ आणि मराठवाडा येथील निरनिराळे नगरपालिका कायदे एकत्र करण्याची निकड भासली. त्यातून 'महाराष्ट्र नगरपालिका अधिनियम, १९६५' तयार झाला. नंदुरबारसह राज्यातील सर्व नगरपालिका आजही याच कायद्याने चालतात. कायद्याच्या भाषेत त्यांना 'नगरपरिषद' म्हणतात. लोकांच्या तोंडी मात्र 'नगरपालिका' हाच शब्द रुळला आहे.

या कायद्याने लोकसंख्येनुसार तीन वर्ग केले. एक लाखाहून अधिक लोकसंख्या असल्यास 'अ' वर्ग, चाळीस हजार ते एक लाखापर्यंत 'ब' वर्ग आणि त्याखाली 'क' वर्ग. नंदुरबार शहराची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत ९४ हजार ३६८ होती. २०११ मध्ये ती १ लाख ११ हजार ३७ झाली, म्हणजे एक लाखाची रेषा शहराने ओलांडली. एका शतकात सुमारे दहा पटींनी झालेली ही वाढ आहे.

कायद्याने नगरपालिकेची कामे दोन भागांत वाटली आहेत. पाणीपुरवठा, गटारे, रस्ते, दिवाबत्ती, साफसफाई, जन्ममृत्यूची नोंद, स्मशानभूमी ही अनिवार्य कर्तव्ये आहेत. तर उद्याने, वाचनालये, नाट्यगृहे यांसारखी कामे ऐच्छिक आहेत. पैशाची चणचण भासली की पहिली कात्री ऐच्छिक कामांना लागते, आणि लहान शहरांत मुलांना खेळायला मोकळे मैदान का नाही, या प्रश्नाचे एक उत्तर येथे सापडते.

या कायद्यातील दुसरी महत्त्वाची बाब म्हणजे मुख्याधिकारी. नगराध्यक्ष व नगरसेवक लोकांनी निवडलेले असतात, तर मुख्याधिकारी हा राज्य शासनाने पाठविलेला अधिकारी असतो. सभागृहाने ठराव करायचा आणि मुख्याधिकाऱ्याने तो अमलात आणायचा, अशी रचना आहे. शिवाय बेकायदा वा लोकहितास बाधक वाटणाऱ्या ठरावाची अंमलबजावणी तहकूब करण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे आहे. म्हणजे नगरपालिकेचे चाक लोकप्रतिनिधी आणि शासन अशा दोघांच्या हाती आहे. काम झाले नाही की दोघेही एकमेकांकडे बोट दाखवितात आणि नागरिक मधल्यामध्ये अडकतो, याचे कारण या रचनेतच आहे.

जकात गेली, अनुदान आले

कोणत्याही संस्थेची खरी ताकद तिच्या तिजोरीवरून कळते. जुन्या काळी नगरपालिकेचे मुख्य उत्पन्न म्हणजे जकात. गावच्या वेशीवर नाका असे आणि आत येणाऱ्या मालावर कर घेतला जाई. बाजारपेठेच्या गावाला जकात ही दुभती गाय होती. व्यापार वाढला की पालिकेचे उत्पन्न आपोआप वाढत असे. नाक्यांवर होणारा खोळंबा, गैरव्यवहाराच्या तक्रारी आणि व्यापाऱ्यांचा विरोध यांमुळे राज्य शासनाने १९९९ मध्ये नगरपालिका क्षेत्रांतील जकात रद्द केली आणि तिच्या बदल्यात सहायक अनुदान देण्यास सुरुवात केली.

व्यापाऱ्यांची सुटका झाली, हे खरे. पण या निर्णयाने एक मूलभूत बदल घडविला. आतापर्यंत गावच्या व्यापारावर उभी असलेली नगरपालिका शासनाच्या अनुदानावर अवलंबून राहू लागली. गावचा बाजार कितीही तेजीत असला, तरी त्याचा थेट लाभ पालिकेस मिळेनासा झाला. हाती उरलेला प्रमुख कर म्हणजे मालमत्ता कर. तो घराच्या वार्षिक भाडेमूल्यावर आकारला जातो आणि दर चार वर्षांनी त्याची फेरआकारणी करावयाची असते. मात्र करवाढ हा निवडून येणाऱ्यांना नेहमीच अप्रिय वाटणारा विषय. त्यामुळे आकारणी लांबते, थकबाकी साचते आणि पाणीपट्टीतून योजनेचे वीजबिलही भागत नाही, असे चित्र राज्यातील अनेक लहान शहरांत दिसते.

केंद्रीय वित्त आयोगाचा निधी हा दुसरा मोठा आधार. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी लहान शहरांना दिलेल्या अनुदानापैकी ६० टक्के रक्कम पिण्याचे पाणी आणि स्वच्छता यांसाठीच राखून ठेवली. हेतू योग्यच होता. परंतु कोणत्या कामावर किती खर्च करायचा, हे ठरविण्याचा स्थानिक सभागृहाचा वाव त्या प्रमाणात कमी झाला, हेही मान्य करावे लागेल.

जिल्ह्याचे मुख्यालय, गावाची हद्द

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा झाला. तोपर्यंत तालुक्याचे ठिकाण असलेल्या गावात जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, पोलीस अधीक्षक कार्यालय, जिल्हा रुग्णालय अशी एकामागून एक कार्यालये आली. २०२० मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. कर्मचारी, विद्यार्थी, रुग्ण, कामानिमित्त रोज येणारे-जाणारे अशी नवी गर्दी शहरात दाखल झाली. नगरपालिकेला मात्र लोकसंख्या मोजून निधी मिळतो आणि ती मोजणी दहा वर्षांतून एकदा होते. २०११ नंतरची जनगणना वेळेवर न झाल्याने जुन्याच आकड्यांवर नव्या शहराचा संसार चालविण्याची वेळ आली. धडगावहून दाखला काढायला आलेला माणूस शहरातील पाणी पितो, शहराचा रस्ता वापरतो. पण पालिकेच्या हिशेबात तो कोठेच नसतो.

पाण्याचा प्रश्न यात सर्वांत नाजूक आहे. गावातून पाताळगंगा वाहते. पण शहराची तहान भागते ती मुख्यतः शिवण नदीवरील विरचक धरणाच्या पाण्यावर. पाऊस कमी झाला की धरणातील साठ्याकडे शेतकरी आणि शहर दोघांचेही डोळे लागतात. तापीसारखी मोठी नदी जिल्ह्यातून वाहत असताना पाणीटंचाई का, असा प्रश्न नागरिक विचारतात. नदीचे पाणी उचलून शहरापर्यंत आणणे, ते शुद्ध करणे आणि घराघरांत पोहोचविणे यांस भांडवल व वीज लागते. जकात गेल्यानंतरच्या तिजोरीत तेवढे बळ उरलेले नाही. म्हणून प्रत्येक मोठ्या योजनेसाठी मुंबई-दिल्लीकडे पाहावे लागते.

घटनादुरुस्तीने काय दिले?

१ जून १९९३ रोजी अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांना घटनात्मक दर्जा दिला. पाच वर्षांची मुदत, मुदत संपण्यापूर्वी निवडणूक, राज्य निवडणूक आयोग, महिलांसाठी एकतृतीयांश जागा या गोष्टी त्यामुळे आल्या. राज्याने २०११ मध्ये महिलांचे आरक्षण निम्म्यावर नेले. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांकडे सोपविता येतील अशा १८ विषयांची यादी देण्यात आली.

मात्र या दुरुस्तीतही लहान शहरांच्या वाट्याला कमीच आले. नागरिकांच्या अधिक जवळ जाणाऱ्या प्रभाग समित्या घटनेने बंधनकारक केल्या त्या फक्त तीन लाख वा अधिक लोकसंख्येच्या शहरांत. जिल्हा नियोजन समितीतील निवडून द्यावयाच्या जागा शहरी व ग्रामीण लोकसंख्येच्या प्रमाणात असतात. १७ टक्के शहरी वस्तीच्या जिल्ह्यात तेथेही शहरांचा आवाज क्षीणच राहणार.

नंदुरबार जिल्ह्याचा आणखी एक पेच आहे. नवापूर, तळोदा, अक्कलकुवा व अक्राणी हे संपूर्ण तालुके घटनेच्या पाचव्या अनुसूचीखालील अनुसूचित क्षेत्रात येतात. ७४ व्या दुरुस्तीतील नगरपालिकांचा भाग अशा क्षेत्रांना आपोआप लागू होत नाही. संसदेने कायदा करूनच तो लागू करावयाचा आहे. खेड्यांसाठी असा कायदा १९९६ मध्ये झाला. तोच 'पेसा'. त्यामुळे आदिवासी गावांतील ग्रामसभेला विशेष अधिकार मिळाले. शहरांसाठीचे तसे विधेयक २००१ मध्ये संसदेत आले, पण त्याचा कायदा झाला नाही. परिणामी ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली की तेथील आदिवासी रहिवाशांची 'पेसा'खालील ग्रामसभा संपते आणि तिच्या जागी तशी दुसरी व्यवस्था उभी राहत नाही. अक्राणी तालुक्यात २०१५ मध्ये धडगाव-वडफळ्या-रोषमाळ बुद्रुक नगरपंचायत स्थापन झाली. निधी आणि सोयी वाढण्याची आशा एका बाजूला व ग्रामसभेचा हक्क दुसऱ्या बाजूला, अशी ही तोलामोलाची निवड आहे.

अध्यक्ष कोणी निवडायचा?

नगराध्यक्ष थेट जनतेने निवडावा की नगरसेवकांनी, या प्रश्नावर राज्याने वारंवार कोलांटउड्या मारल्या आहेत. २००१ मध्ये थेट निवडीची पद्धत आली, २००६ मध्ये ती गेली. २०१६ मध्ये पुन्हा आली. २०१९ च्या सत्तांतरानंतर रद्द झाली आणि २०२२ मध्ये परत लागू करण्यात आली. थेट निवडलेल्या अध्यक्षाला लोकांचा कौल असतो. पण सभागृहात बहुमत दुसऱ्या पक्षाचे असल्यास कारभार अडतो. नगरसेवकांनी निवडलेल्या अध्यक्षास बहुमत असते. पण त्यास सतत नगरसेवकांची मर्जी सांभाळावी लागते. दोन्हींचे गुणदोष आहेत. मात्र दर काही वर्षांनी नियम बदलले की कोणतीच पद्धत रुजत नाही.

इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद याच काळात उद्भवला आणि त्याची एक कडी नंदुरबारशी जोडलेली आहे. अनुसूचित जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात जागा दिल्यावर या जिल्ह्यात एकूण आरक्षण ५० टक्क्यांपलीकडे जात होते. नंदुरबारसह काही जिल्हा परिषदांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२१ रोजी ही मर्यादा ओलांडता येणार नाही, असा निर्णय दिला. त्यानंतरच्या गुंत्यात राज्यभरच्या स्थानिक निवडणुका रखडल्या. नंदुरबार नगरपालिकेची आधीची निवडणूक डिसेंबर २०१७ मध्ये झाली होती. पाच वर्षांची मुदत संपल्यावर तेथे प्रशासकाचा कारभार सुरू झाला. अखेर सर्वोच्च न्यायालयाने वेळापत्रक घालून दिल्यावर २ डिसेंबर २०२५ रोजी राज्यातील नगरपरिषदांसाठी मतदान झाले. मुदतीपूर्वीच निवडणूक घ्यावी, असे घटना सांगत असताना सुमारे तीन वर्षे शहराला निवडून आलेले सभागृह नव्हते. १८६७ मध्ये सरकारनियुक्त समितीने सुरू झालेला कारभार या काळापुरता पुन्हा सरकारनियुक्त अधिकाऱ्याच्या हाती गेला होता.

नागरिकाच्या हाती काय?

सभागृह पुन्हा अस्तित्वात आल्याने आता प्रश्न विचारण्यास माणूस आहे, ही जमेची बाजू. नगरपालिकेची सर्वसाधारण सभा नागरिकांना पाहता येते, याची अनेकांना कल्पना नसते. अंदाजपत्रक दरवर्षी सभागृहापुढे मांडावे लागते. कोणत्या प्रभागात किती खर्च झाला, पाणीपट्टीची थकबाकी किती, कंत्राट कोणत्या अटींवर दिले, ही माहिती २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली कोणालाही मागता येते. घरपट्टीची आकारणी चुकीची वाटल्यास ठरलेल्या मुदतीत हरकत घेण्याचा हक्क प्रत्येक मालमत्ताधारकास आहे. पण मुदत संपल्यावर तक्रार करण्याचीच आपल्याकडे रीत आहे.

नंदुरबारच्या नगरपालिकेने दुष्काळ, प्लेग, परकी सत्ता, स्वातंत्र्यलढा आणि जिल्हानिर्मिती असे सारे टप्पे पाहिले. या प्रवासात मतदार वाढले, हद्दीत राहणारी माणसे वाढली, कामांची यादीही वाढली. स्वतःच्या बळावर पैसा उभा करण्याची तिची शक्ती मात्र त्या प्रमाणात वाढली नाही. वेशीवरचा जकात नाका उठला, त्यास आता पाव शतक उलटून गेले. त्याच्या जागी शहराच्या उत्पन्नाची कोणती भक्कम सोय करायची, याचे उत्तर अद्याप मिळालेले नाही. नव्या सभागृहापुढील आणि ते निवडून देणाऱ्या नागरिकांपुढील पहिला प्रश्न तोच आहे.